अपुरे चित्र आणि काळी पट्टी



एखादी वस्तू बिघडली की ती कशाने बिघडली हे पाहण्याआधी ती कोणी बिघडवली हे विचारावयाचे, ही खोड घरोघरी आढळते. शाळाही तिला अपवाद नाहीत, आणि शिक्षक तर नाहीतच. प्रस्तुत लेखात आम्ही संगणकाच्या मॉनिटरवर आढळणाऱ्या एका लहानशा दोषाचा विचार करणार आहोत. चित्र सबंध पडदा व्यापीत नाही, त्याच्या भोवती किंवा दोन्ही बाजूंस काळी पट्टी राहते, असा हा दोष होय. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या क्षुल्लक दोषापायी आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय घडला, आणि तो का घडला हे समजून घेता घेता आम्हांस पुष्कळ शिकावयास मिळाले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण आम्हांस नाही. तेव्हा येथे जे सांगितले आहे ते तुमच्यापैकी कोणासही समजावे आणि स्वतः करून पाहता यावे, इतक्याच बेताचे आहे.

घडलेली हकीकत

चवथीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशीची गोष्ट. संगणक-कक्षातील खिडकीजवळचा संगणक सुरू केला, तो त्याचे चित्र पडद्याच्या मधोमध उमटले, आणि डाव्या-उजव्या बाजूंस तीन-तीन बोटे रुंदीची काळी पट्टी मोकळी राहिली. अक्षरे स्वच्छ होती, रंग ठीक होते. चित्र मात्र अपुरे. कक्षाच्या नोंदवहीत त्या संगणकापुढे शेवटची सही नववीतील एका विद्यार्थ्याची होती. त्यास आम्ही बोलावून घेतले. "सर, हांवें कांयच करूंक ना. पयलींच अशें आशिल्लें," एवढेच तो म्हणाला. आपण काहीच केले नाही, आधीपासूनच असे होते, हे उत्तर प्रत्येक शिक्षकाने शंभरदा ऐकलेले असते. आम्हीही ते शंभरदा ऐकलेल्या कानांनीच ऐकले. "मग आपोआप झाले काय?" असे आम्ही चार मुलांदेखत त्यास विचारले आणि आठवडाभर संगणकास हात लावावयाचा नाही अशी ताकीद दिली. मॉनिटरवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावून नवा मॉनिटर मागविण्याचा अर्ज लिहावयास घेतला.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो विद्यार्थी कक्षाच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सर, तो मॉनिटर शेजारच्या संगणकाला लावून पाहू का?" असे त्याने विचारले. आम्ही फारसे लक्ष न देता होकार दिला. दोन्ही संगणक बंद करून त्याने दोन्ही मॉनिटरांच्या केबली अदलाबदल करून लावल्या आणि संगणक पुन्हा सुरू केले. ज्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी होती त्या मॉनिटरवर शेजारच्या संगणकाचे चित्र काठोकाठ भरून आले! आणि शेजारचा निर्दोष मॉनिटर खिडकीजवळच्या संगणकास लावताच त्यावर त्याच दोन काळ्या पट्ट्या दिसू लागल्या. दोष मॉनिटरबरोबर गेला नाही. तो संगणकापाशीच राहिला. अर्ज आम्ही अर्थातच फाडून टाकला. परंतु मग दोष होता तरी कोठे? हे कळण्यास पडद्यावरील चित्र मुळात कसे बनते ते प्रथम पाहिले पाहिजे.

पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

सणासुदीला अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढलेली तुम्ही पाहिली असेल. प्रथम ओळीने ठिपके मांडावयाचे आणि मग ते जोडून फुले, कमळे, पणत्या काढावयाच्या. मॉनिटरचा सपाट पडदाही असाच ठिपक्यांचा असतो. फरक इतकाच की, रांगोळीचे ठिपके आपण हवे तितके मांडतो, तर पडद्यावरील ठिपके कारखान्यातच कायमचे बसविलेले असतात. आमच्या त्या मॉनिटरवर एका आडव्या ओळीत १३६६ ठिपके आहेत आणि अशा ७६८ ओळी आहेत. गुणाकार केला तर १०,४९,०८८ ठिपके होतात. सांप्रत सर्वत्र आढळणारे दुसरे माप १९२० गुणिले १०८० असे असून त्याचे २०,७३,६०० ठिपके होतात. यास इंग्रजीत रेझोल्यूशन म्हणतात. आपण ठिपक्यांचे माप म्हणू. पडद्याचे हे जन्मजात माप कोणत्याही उपायाने वाढत नाही की कमी होत नाही.

संगणक जे चित्र तयार करून पाठवितो तेही ठिपक्यांचेच असते, आणि किती ठिपक्यांचे चित्र पाठवावयाचे हे संगणक ठरवितो. दोहोंची मापे जुळली की चित्रातील एक ठिपका पडद्यावरील एका ठिपक्यावर नेमका बसतो आणि सबंध पडदा भरून चित्र स्वच्छ दिसते. मापे जुळली नाहीत म्हणजे काय होते? समजा, संगणकाने १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचे चित्र पाठविले आणि पडदा आहे १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. उंची तंतोतंत जुळली. रुंदीत मात्र १३६६ वजा १०२४, म्हणजे ३४२ ठिपके शिल्लक उरले. चित्र मधोमध ठेवले तर डावीकडे १७१ आणि उजवीकडे १७१ ठिपके रिकामे राहतात. हीच आमच्या मॉनिटरवरील काळी पट्टी! अक्षरे स्वच्छ का होती, तेही यावरून कळते. एका ठिपक्यावर एक ठिपका बसला होता. ताणाताण कोठेच नव्हती.

दुसरा मार्ग चित्र ताणून सबंध रुंदी भरण्याचा. १०२४ ठिपके १३६६ ठिपक्यांवर पसरावयाचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे एक पूर्णांक एक तृतीयांश ठिपका येतो. परंतु ठिपक्याचा तृतीयांश भाग वेगळा उजळता येत नाही. म्हणून शेजारच्या दोन ठिपक्यांचे रंग मिसळावे लागतात आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात. शिवाय उंची तेवढीच राहून रुंदी वाढल्यामुळे वर्तुळ अंड्यासारखे दिसू लागते. तिसरा मार्ग रुंदी व उंची सारख्याच प्रमाणात वाढविण्याचा. तेच १०२४ गुणिले ७६८ चे चित्र १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर अशा रीतीने वाढविले तर ते १४४० गुणिले १०८० होते आणि दोन्ही बाजूंस प्रत्येकी २४० ठिपके काळे राहतात. वर्तुळ वर्तुळच राहते, पण पट्टी काही जात नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. काळी पट्टी दिसत नाही एवढ्यावरून सर्व ठीक आहे असे समजू नये. चित्र ताणून पट्टी लपविलेली असेल तर दोष तसाच असतो, केवळ दिसेनासा होतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. चित्रे काढण्याच्या 'पेंट' या कार्यक्रमात शिफ्टची कळ दाबून धरून एक वर्तुळ काढा आणि पडद्यावर हलकेच मोजपट्टी धरून त्याचा आडवा व उभा व्यास मोजा. दोन्ही व्यास सारखे भरले तर प्रमाण ठीक आहे असे समजावे.

चारास तीन आणि सोळास नऊ

मापे जुळत नाहीत याचे एक कारण पडद्यांच्या इतिहासात दडलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी चलच्चित्रासाठी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली. तिच्यावरील प्रत्येक चित्राची रुंदी व उंची ४ : ३ या प्रमाणात होती. पुढे दूरचित्रवाणी आली तीही याच प्रमाणाने. आपल्या देशात दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला, तेव्हाचे पडदे असेच होते. संगणकांनी तीच परंपरा उचलली. १९८७ साली आयबीएम कंपनीने व्हीजीए ही चित्रपद्धती आणली. तिचे माप ६४० गुणिले ४८०. दोन्ही संख्यांस १६० ने भागा, ४ : ३ हेच उत्तर येईल. १०२४ आणि ७६८ यांस २५६ ने भागा, पुन्हा ४ : ३.

नंतर रुंद पडद्याची पद्धत आली आणि १६ : ९ हे प्रमाण रूढ झाले. १९२० व १०८० यांस १२० ने भागले की हे प्रमाण मिळते. १३६६ ची संख्या मात्र चमत्कारिक आहे. ७६८ ओळींस १६ : ९ प्रमाणाने रुंदी काढली तर ती १३६५ पूर्णांक एक तृतीयांश येते. अपूर्णांकी ठिपका नसतो म्हणून १३६६ धरले.

आपल्याकडे जत्रेतील नाटकासाठी रंगविलेले पडदे गावोगाव नेतात. एका मंडपाच्या मापाने केलेला पडदा दुसऱ्या रुंद मंडपात टांगला की दोन्ही बाजूंस मोकळी जागा राहते. तेथे पडद्यास कोणी नावे ठेवीत नाही आणि मंडपासही ठेवीत नाही. ४ : ३ चे चित्र १६ : ९ च्या पडद्यावर आले म्हणजे नेमके हेच घडते.

याच इतिहासातील आणखी एक वारसा सांगितला पाहिजे. जुन्या दूरचित्रवाणी संचात काचेची मोठी नळी असे आणि विद्युत्-कणांचा झोत तिच्यावर चित्र रेखीत असे. विजेचा दाब कमी-जास्त झाला किंवा संच जुना झाला की चित्राच्या कडा आतबाहेर सरकत. ही अडचण झाकण्यासाठी चित्र मुद्दाम चौकटीपेक्षा थोडे मोठे करून त्याच्या कडा चौकटीआड दडवीत. सपाट पडद्यास याची गरज उरली नाही. तथापि पुष्कळ दूरचित्रवाणी संच अजूनही चित्राच्या कडा कापतात. अशा संचास संगणक जोडला तर कडेची अक्षरे कापली जातात. ते टाळण्यासाठी काही संगणक आपले चित्र आधीच लहान करून पाठवितात. आता संच कडा कापीत नसेल आणि संगणक मात्र चित्र लहान करीत असेल, तर काय होईल? चारी बाजूंनी काळी चौकट! रुंदी आणि उंची प्रत्येकी फक्त १० टक्क्यांनी कमी केली तरी क्षेत्रफळ ८१ टक्केच उरते, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा पडदा वाया जातो.

मॉनिटरचे ओळखपत्र

पडद्याचे माप किती आहे हे संगणकास कसे कळते? मॉनिटर जोडताच तो आपले ओळखपत्र संगणकाकडे पाठवितो. या ओळखपत्रास ईडीआयडी असे नाव असून ही पद्धत १९९४ साली ठरविण्यात आली. मूळ ओळखपत्र अवघ्या १२८ बाइटांचे असते. बनविणाऱ्याची खूण, पडद्याची लांबी-रुंदी, आणि कोणकोणती मापे चालतील ही माहिती त्यात असते. संगणक ती वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र बेततो.

हा व्यवहार दोन ठिकाणी खुंटू शकतो. पहिले ठिकाण केबल. जुन्या निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलीत तीन ओळींत मिळून १५ सुयांची जागा असते; पैकी बाराव्या व पंधराव्या सुईवाटे हे ओळखपत्र जाते. यांपैकी एखादी वाकली किंवा तुटली तर चित्र दिसते, पण ओळख पटत नाही. (नववी सुई पुष्कळ केबलींत मुळातच बसविलेली नसते, ती दिसली नाही म्हणून घाबरू नये.) दुसरे ठिकाण संगणकातील चित्रविभाग चालविणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली. ती नसेल तर संगणक एखाद्या कामचलाऊ आज्ञावलीवर भागवितो, आणि मग पडद्याचे माप कोणतेही असो, तो १०२४ गुणिले ७६८ सारख्या ठरावीक मापाचेच चित्र पाठवीत राहतो.

तुम्ही-आम्ही घरी कोंकणी बोलतो, वर्गात मराठी बोलतो. म्हापशाच्या बाजारात एखादा परका माणूस भेटला आणि त्यास कोणती भाषा येते हे ठाऊक नसले, तर आपण हिंदीच्या चार मोडक्या शब्दांवर वेळ निभावून नेतो. काम होते, परंतु मोकळे बोलणे होत नाही. ओळख न पटलेल्या मॉनिटरशी संगणक असाच चार शब्दांत बोलत असतो.

पट्टी कोठे आहे ते आधी पाहा

वैद्य नाडी पाहतो तशी येथे पट्टीची जागा पाहावी. तिच्यावरून निम्मे निदान होते.

केवळ डावीकडे व उजवीकडे पट्टी असेल तर ४ : ३ चे चित्र रुंद पडद्यावर आले आहे असे समजावे. केवळ वर व खाली असेल आणि तीही फक्त चित्रपट पाहताना दिसत असेल, तर काहीच बिघडलेले नाही. कित्येक चित्रपटांची रुंदी उंचीच्या २.३९ पट असते. १९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर असे चित्र सुमारे ८०३ ओळीच व्यापते आणि उरलेल्या ओळी वर-खाली काळ्या राहतात. चारी बाजूंनी चौकट असेल तर एक तर चित्र मुद्दाम लहान केले जात आहे, किंवा कमी ठिपक्यांचे चित्र न वाढविता मधोमध ठेवले आहे. एका बाजूस पट्टी आणि दुसऱ्या बाजूस चित्र कापलेले, असे व्हीजीए केबलीवर आढळते. तेथे चित्र केवळ सरकलेले असते. आणि चित्राच्या कडा चारी बाजूंनी पडद्याबाहेर गेल्या असतील तर संच कडा कापीत आहे हे उघड आहे.

तपासण्याचा क्रम

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलण्यापूर्वी मूळ स्थिती वहीत लिहून ठेवावी, हा नियम सर्व पायऱ्यांना लागू आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला हे कळत नाही.

१. मॉनिटर सुरू ठेवून संगणकाकडून येणारी चित्राची केबल काढावी. 'सिग्नल नाही' अशा अर्थाची सूचना मॉनिटर स्वतः दाखवितो. त्याचा स्वतःचा मेनू व सूचना ठीक दिसत असतील तर पडदा बहुधा निर्दोष आहे. खोलीत अंधार करून पाहिले असता काळी पट्टीही किंचित उजळ भासते, कारण तिच्यामागील दिवा चालू असतो. याउलट काळ्या भागात उभ्या रेघा किंवा तडा दिसला तर पडद्यासच इजा झाली आहे. तेथे कारागिराचे काम.

२. दोन्ही यंत्रे बंद करून मॉनिटर दुसऱ्या संगणकास लावून पाहावा. दोष मॉनिटरबरोबर जातो की संगणकापाशी राहतो, एवढे कळले की शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

३. विंडोज पद्धतीच्या संगणकावर मोकळ्या जागी माऊसची उजवी कळ दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे आणि 'डिस्प्ले रेझोल्यूशन' या यादीत ज्या मापापुढे 'रेकमेंडेड' असे लिहिले आहे ते निवडावे. माप बदलताच पडदा क्षणभर काळा होतो, भिऊ नये. चित्र दिसेनासे झाले तर काही न करता थांबावे. १५ सेकंदांत संमती दिली नाही तर संगणक आपण होऊन मागील मापावर येतो. त्याच ठिकाणी 'स्केल' नावाची निवड असते. तिने अक्षरे लहान-मोठी होतात, पट्टी जात नाही.

४. यादीत पडद्याचे खरे माप नसेलच, तर 'डिव्हाइस मॅनेजर' मध्ये चित्रविभागाचे नाव वाचावे. तेथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे असेल तर योग्य ड्रायव्हर बसविलेला नाही. तो संगणक बनविणाऱ्या किंवा चित्रविभाग बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा, आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली बसवावा. नाव बरोबर असूनही माप मिळत नसेल तर केबल बदलून पाहावी.

५. माप बरोबर असूनही पट्टी राहिली तर मॉनिटरच्या बटणांनी त्याचा मेनू उघडावा. व्हीजीए केबलीवर 'ऑटो' हे बटण दाबताच सरकलेले चित्र जागी येते. दूरचित्रवाणी संच असेल तर त्याच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' अशा काही नावाची निवड असते. तिने कडा कापणे थांबते.

६. एवढ्याने चारी बाजूंची चौकट गेली नाही तर चित्रविभागाच्या स्वतःच्या कार्यक्रमात 'स्केलिंग' किंवा 'अंडरस्कॅन' ही निवड शोधून ती शून्यावर आणावी.

स्नेहसंमेलनाच्या वेळी सभागृहात प्रोजेक्टर लावला की लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर पट्ट्या दिसू लागतात, अशी तक्रार ऐकू येते. दोन्हीकडे एकच चित्र दाखवावयाचे असल्याने दोघांनाही चालेल असे माप संगणक निवडतो, आणि जुना प्रोजेक्टर ४ : ३ चा असतो. प्रोजेक्टर काढताच पूर्ववत होते. विंडोजची कळ आणि पी ही अक्षरकळ एकत्र दाबली की दोन पडदे कसे वापरावयाचे ते निवडता येते.

एक इशारा देणे आवश्यक आहे. जुना नळीचा मॉनिटर किंवा दूरचित्रवाणी संच कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्याच्या आत धोकादायक दाबाची वीज साठून राहते. वर सांगितलेल्या कोणत्याही पायरीस स्क्रू-ड्रायव्हरची गरज नाही, हे लक्षात ठेवावे.

हकीकतीचा शेवट

आमच्या संगणकाच्या बाबतीत चौथ्या पायरीवर उलगडा झाला. यादीत १०२४ गुणिले ७६८ हे एकच माप होते आणि चित्रविभागाचे नावही तेच कामचलाऊ होते. योग्य ड्रायव्हर बसविला. पडदा दोनदा मिचकला आणि चित्र या काठापासून त्या काठापर्यंत पसरले. मॉनिटरच्या मेनूत रुंदी-उंचीचे प्रमाण राखण्याची निवड केलेली होती, म्हणून चित्र ताणले न जाता पट्ट्या पडल्या होत्या. शेजारच्या मॉनिटरवरही तीच निवड असल्याने त्यावरही त्या दिसल्या. मापे जुळताच त्या निवडीस काही काम उरले नाही.

मग ड्रायव्हर गेला कसा? आम्ही नोंदवही पुन्हा उघडली. त्या विद्यार्थ्याच्या सहीच्या दोन ओळी वर, सुट्टीपूर्वीच्या तारखेस, एक नोंद होती : "विंडोज नव्याने घातले. संगणक चालू." संगणक फार मंद झाला होता म्हणून कारागिरास बोलावून त्यावर सर्व काही नव्याने घालून घेतले होते, आणि ड्रायव्हर बसवावयाचा राहून गेला होता. नोंदीखाली सही आमची होती. संगणक सुरू झाला एवढे पाहून आम्ही सही केली. चित्र पडदाभर आहे की नाही हे पाहिले नाही. आधीपासूनच असे होते, हे त्या मुलाचे शब्द अक्षरशः खरे होते, आणि त्यांचा पुरावा आमच्याच हस्ताक्षरात दोन ओळी वर पडून होता.

ज्या चार मुलांदेखत आम्ही त्यास बोल लावला होता, त्यांच्याच देखत दुसऱ्या दिवशी आम्ही आपली चूक कबूल केली. तो काही बोलला नाही. खाली मान घालून हसला. त्या दिवसापासून कक्षाच्या नोंदवहीत एक नवा रकाना आहे : 'सुरू करताना आढळलेली स्थिती'. संगणक सुरू करताच काही वेगळे दिसले तर प्रत्येकाने ते तेथे लिहावयाचे, म्हणजे आधीचा दोष नंतरच्याच्या माथी येत नाही. या रकान्याच्या रेघा त्याच विद्यार्थ्याने आखल्या आहेत.

मित्रहो, यंत्राचा दोष शोधताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, दोष कोणाबरोबर जातो ते पाहतो, आणि मगच निर्णय देतो. माणसांच्या बाबतीतही इतका धीर आपण धरला तर पुष्कळ अन्याय टळतील. त्या मुलाने जी तपासणी मॉनिटरची केली, ती आम्ही त्याच्या शब्दांची केली असती, तर नोंदवहीचे पान पहिल्याच दिवशी उघडले गेले असते.

स्वाध्याय

१. १२८० गुणिले १०२४ आणि १४४० गुणिले ९०० या मापांचे रुंदी-उंचीचे प्रमाण काढा.

२. १०२४ गुणिले ७६८ चे चित्र १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर न वाढविता मधोमध ठेवले, तर चारी बाजूंस प्रत्येकी किती ठिपके काळे राहतील?

३. चित्राची रुंदी व उंची प्रत्येकी ५ टक्क्यांनी कमी केली तर मूळ क्षेत्रफळाच्या किती टक्के भाग व्यापला जाईल?

४. 'पेंट' मध्ये वर्तुळ काढून आपल्या शाळेतील प्रत्येक मॉनिटरवर त्याचे दोन्ही व्यास मोजा व तक्ता करा. कोठे वर्तुळाचे अंडे झालेले आढळले?

५. आपल्या घरात किंवा वर्गात नुकतीच बिघडलेली एखादी वस्तू घ्या. ती कोणी बिघडवली हे न विचारता कशाने बिघडली, हे शोधण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.